पालखी येईपर्यंतची धून

कोल्हापूरहून काय आणलंस, असं आल्यापासून सगळे विचारतायत. चपला आणल्या नाहीत. गूळ आणला, तो माझ्याआधी मुंग्यांनी पाहिला. मसाला आणला, तो वहिनीने लांबूनच हुंगून फडताळात वरच्या कप्प्यात ठेवून दिला. ज्या गोष्टीसाठी मी गेले होते ती आणली की नाही, हे मलाच धड सांगता येत नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आम्ही नाशिकचे. माझा मोठा भाऊ, दादा, तरुणपणी बँकेत होता आणि काही वर्षं त्याची बदली नेसरीच्या पुढे, चंदगडच्या वाटेवरच्या एका गावी झाली होती. तिथून निघताना घरमालकांनी त्याला एक कॅसेट दिली. ‘आमच्या गावच्या गड्याची गिटार हाय, ऐका,’ एवढंच सांगून. तिच्यावर एकच धून होती. बैलगाडी उतारावरून येते तशी डुलत, निवांत, आणि मध्येच कुठल्या कुठे आडरानात शिरून हसत परत येणारी. असलं काही आम्ही रेडिओवरही ऐकलं नव्हतं. पण धून पुरी नव्हती. ऐन रंगात आली की एका सुरावर लोंबकळायची आणि खट्कन बंद. पुढे नुसती खरखर.

या धुनेने आमच्या घरात दोन पक्ष पाडले. दादा म्हणायचा, शेवटी ती खाली येणार, घरी येणार. मी म्हणायचे, वर जाणार. मी ती पेटीवर काढायला बसायचे, पण तिचा सूर काळी दोन आणि पांढरी तीनच्या मधोमध कुठेतरी पडायचा. बाबा म्हणायचे, टेपरेकॉर्डरचे सेल उतरलेत. सेल बदलले, टेपरेकॉर्डर बदलला, बाबाही गेले. भांडण तेवढं राहिलं.

गेल्या वर्षी दादाला अर्धांगाचा झटका आला. डॉक्टर म्हणाले, बोलेल, चालेलही, पण त्याने मनावर घेतलं पाहिजे. दादाने मनावर घेतलं नाही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीकडे तो पाठ करून झोपायचा. महिनोन्महिने खिडकीबाहेर बघत असायचा. आणि एका दुपारी मी त्याला चहा पाजत असताना अडखळत म्हणाला, ‘त्या धुनेचा शेवट... ऐकून ये.’ वर्षभरात त्याने मागितलेली ही एकच गोष्ट. मी बॅग भरली. भरताना एक भीतीही वाटली, ती लपवत नाही. शेवट आणून दिला की हा समाधानाने डोळे मिटून घेईल. तसाच तो होता त्या दिवसांत.

कोल्हापूर

सकाळी पोचले आणि पहिली चकमक मिसळीवर झाली. नाशिककराला मिसळीतलं कळतं, असा माझा समज होता. आमच्याकडे मिसळीबरोबर पाव येतो, पापड येतो, दही येतं. जेवणाऱ्याची काळजी घेतली जाते. इथे ब्रेडचे स्लाइस आले आणि लालभडक कट. दही मागितल्यावर मालक माझ्याकडे बघतच राहिले. ‘दही? बरं न्हाय का तुमाला?’ मी स्वाभिमानाने तशीच खाल्ली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. मालक येऊन न विचारता आणखी कट ओतून गेले आणि म्हणाले, ‘पावणं हायसा, लाजू नका.’ आग्रह आणि शिक्षा यांतला फरक या गावात अजून कुणी केलेला नाही.

महाद्वार रोडच्या एका बोळात वाद्यांचं दुकान सापडलं. पुतण्याने ती धून माझ्या फोनमध्ये घालून दिली होती. दुकानदार तबल्याची वादी ओढत बसले होते. त्यांनी चार सूर ऐकले आणि हात थांबवला.

‘हे बाबू गिटारचं. दुसरं कोण न्हायच की.’

‘कशावरून?’ मी विचारलं.

‘सूर बघा की. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधी हाय. साखर कारखान्याच्या भोंग्यावर गिटार लावायचा गडी. सकाळी भोंगा झाला की तार पिळत बसायचा. पेटीवाला, क्लॅरोनेटवाला, सगळं त्याच्यापायी वैतागल्यालं. पर गिटार त्याची, मग काय करतायसा?’

म्हणजे बाबांनी इतक्या वर्षांत जे सेल बदलले ते सगळे बिचारे चांगले होते. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. हे सांगायला बाबा हवे होते.

‘आहेत का ते अजून?’ मी विचारलं.

‘न्हाईत व्हय! परवा जत्रा हाय त्येंच्या गावात. वाजीवणार की.’

संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावर भेळ घेऊन बसले. पाणी हलत होतं की मीच डुलत होते, कळत नव्हतं. माझ्या समोरून पोरं सायकली फिरवत होती, कणसं भाजल्याचा वास येत होता, आणि मी कानाला फोन लावून ती धून पुन्हा पुन्हा ऐकत होते. प्रत्येक वेळी ती त्याच जागी तुटायची आणि प्रत्येक वेळी तळ्याचा आवाज पुढे सुरू व्हायचा. असं वाटलं की आपण एका दिवसात म्हातारे नाही, तरुण होत चाललो आहोत.

नेसरीच्या पुढे

गडहिंग्लज मागे पडल्यावर उसाची शेतं हळूहळू विरळ होतात. नेसरीनंतर माती तांबडी होते, रस्ता वळणं घ्यायला लागतो, आणि चैत्रात सगळ्या हवेला पिकलेल्या काजूच्या बोंडांचा आंबूस-गोड वास असतो. त्या वासाने झोप येते. एसटीत अर्धी गाडी पेंगत होती. माझ्या शेजारच्या बाईंनी मांडीवरच्या टोपलीतलं एक पिवळंधमक बोंड काढून माझ्या हातावर ठेवलं. ‘खावा, गोड हाय.’ गोड होतंच. मी आणखी दोन खाल्ली. नाशिकची द्राक्षं खाणाऱ्या माणसाने फळाचा रस हनुवटीवरून ओघळला तर साडीला लागू द्यायचा नसतो, हे मला कुणी सांगितलं नाही. तो डाग आजही तसाच आहे. बोंडं घसाही धरतात, हे मात्र दुसऱ्या दिवशी कळलं.

बाबूरावांचं घर विचारावं लागलं नाही. फाट्यावर उतरून ‘गिटार’ एवढं म्हटलं, तर तिघांनी तीन दिशांना हात केले आणि तिन्ही वाटा तिथेच जात होत्या.

बाबूराव म्हशीची धार काढत होते. सत्तरीचा उंच माणूस, धोतर, बंडी आणि डोक्यावर रुंद काठाची, सिनेमातल्या घोडेस्वाराची असते तशी हॅट. म्हैस त्या हॅटला सरावलेली दिसली. मी ओळख सांगितली, दादाचं नाव सांगितलं, ज्यांच्याकडे तो भाड्याने राहायचा त्यांचं नाव सांगितलं.

‘आरं तिच्या! बँकेतलं साह्यब!’ बाबूराव ओरडले. म्हैस दचकली. ‘जत्रा आली की पळून जायाचं त्ये! अक्के, बघ कोण आलंय. पळपुट्या साह्यबाची भन!’

अक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. सगळं गाव त्यांना अक्काच म्हणतं आणि बाबूरावही. त्या पदर सावरत बाहेर आल्या आणि मी पाय धुवायच्या आत मला जेवायला बसवलं.

दादा पळायचा हे खरं. या भागात जत्रेला प्रत्येक घरात पाहुणा जेवला पाहिजे, अशी रीत आहे. एका घरी जेवलात आणि दुसऱ्या घरी नाही, तर दुसरं घर वर्षभर तोंड फिरवतं. आणि जेवण म्हणजे मटणाचं. आमचा दादा वरणभाताचा माणूस. तो दर जत्रेला रजा टाकून नाशिकला यायचा आणि आईला सांगायचा, वाचलो. अक्कांनी मला मात्र वांग्याची भाजी, भाकरी आणि खर्डा वाढला. ‘शाकारी मानसाला बी देव जगू देतोय की,’ म्हणाल्या.

जेवणानंतर सोप्यात बसून बाबूराव बोलले. विचारायची गरज नव्हती, थांबवायची मात्र होती. पोरवयात ते काजूच्या ट्रकवर बसून गोव्याला पळाले. एका हॉटेलात भांडी घासताना तिथल्या म्हाताऱ्या बँडमास्तरने त्यांना गिटार शिकवली. कुणी पाहुणा मागे ठेवून गेलेल्या तबकड्या होत्या, काही इंग्रजी गाण्यांच्या, काही जॅझच्या, त्या वाजवून वाजवून गुळगुळीत केल्या.

‘इंग्रजी गाणी ती. मास्तर म्हनला, ही गुरं राखणाऱ्यांची गाणी हायत. म्हटलं, आमच्यात गुरं राखणाऱ्याला शिव्या देत्यात, आनि तिकडं गाणी करत्यात! मग बसलो की शिकाय.’

‘आणि जॅझ?’

‘त्ये सोपं हाय. आपल्या गावालाच जायाचं, पर रस्त्यानं न्हाय. बांधाबांधानं. कुणाच्या रानात शिरायचं, चार शेंगा उपटायच्या, आनि येळंला येशीत हजर व्हायाचं.’

मग ते परत आले, ऑर्केस्ट्रा काढला, आणि इथून पुढची त्यांची सगळी कारकीर्द एका वाक्यात मावते. ते वाक्य त्यांनीच सांगितलं, जरा गुर्मीत. ‘मी आयुष्यभर कोनतरी येईस्तोवर वाजिवलंय.’ सभेत पुढारी येईपर्यंत. आखाड्यात पैलवान येईपर्यंत. लग्नात वरात येईपर्यंत. पन्हाळ्याच्या हॉटेलात पाहुण्यांचं ताट येईपर्यंत. ‘वाट बघणाऱ्या मानसाला वाट जड हुतीया. ती हलकी करायची, ह्यो आपला धंदा.’

मी फोन काढून धून लावली. ते डोळे मिटून ऐकत राहिले. बोटात पितळेची एक कडी होती, पाण्याच्या मोटारीतला झिजलेला बुश; तीच तारांवर सरकवून ते तो ओघळणारा सूर काढायचे. ती कडी मांडीवर हळूहळू सरकत होती. धून तुटली.

‘जत्रंतलं हाय,’ ते म्हणाले.

‘पुढचं काय? शेवट?’ माझा आवाज चढला असावा, कारण अक्का आतून बाहेर आल्या.

‘शेवट न्हाय त्येला.’

‘म्हणजे? टेप संपली ना?’

‘टेप न्हाय संपली. पालखी आली. रवळनाथाची पालखी येशीत आली की सूर सोडायचा. असंल तिथं. ‘एवढं पुरं करतो, मग या’, असं म्हनून देवाला दारात उभा करतायसा व्हय? टेप करणाऱ्यानं बी बटन दाबलं असंल आनि हात जोडलं असतील.’

‘पण नंतर कधीतरी पुरी केली असेल ना?’

‘ताटातलं उठल्यावर परत त्येच ताट घेऊन बसत न्हाईत, बाई. पुढल्या साली नव्यानं. पहिल्यापास्नं.’

मी हट्टाला पेटले. म्हटलं, आत्ता वाजवा, इथेच, माझ्यासाठी शेवटापर्यंत. माझा भाऊ अंथरुणावर आहे, त्याने एवढंच मागितलंय. बाबूरावांचा चेहरा खरंच पडला. अक्काच म्हणाल्या, ‘घरात त्येंची बोटं चालत न्हाईत, ताई. हितं कोन यायचं हाय?’

‘आनि खोटा शेवट लावून देऊ व्हय आजारी मानसाला?’ बाबूराव म्हणाले. ‘पालखी आजवर एकदाबी उशिरा आली न्हाय. म्हनून मलाबी म्हाईत न्हाय, पुढं काय हाय त्ये.’

संध्याकाळी वहिनीला फोन केला. दादाला सांग, भेटलेत, एवढंच बोलले. पुढचं सांगायला जीभ रेटेना. मला राग आला होता, बाबूरावांचा, देवाचा, आणि दर जत्रेला मटणाच्या भीतीने पळणाऱ्या दादाचा तर फारच. एकदा थांबला असता तर त्याला तेव्हाच कळलं असतं.

जत्रा

सकाळी उठले तर घसा बसलेला. बोंडांनी आपलं काम केलं होतं. तोंडातून नुसती हवा यायची. अक्कांनी मिठाचं गरम पाणी दिलं आणि ‘तीन खाल्लीसा?’ म्हणून पोट धरून हसल्या.

दिवसभर गावात पाहुणे येत राहिले. प्रत्येक चुलीवर हंडे, प्रत्येक उंबऱ्यावर ‘या, बसा, जेवा’. मी मुकी असल्यामुळे नाही म्हणू शकत नव्हते. पाच घरी पोळी खाल्ली. आमच्याकडे पाहुण्याला ‘चहा घेणार का?’ असं विचारतात. इथे हा प्रश्न विचारणंच अपमान समजतात. दुपारी कुठल्याशा ओसरीवर मी बसल्या बसल्या झोपले आणि कुणीतरी माझ्या डोक्याखाली उशी सरकवली. कोण ते अजून माहीत नाही.

जेवताना एक गोष्ट कानावर आली होती. गावाच्या खालच्या अंगाला नवी आळी वसली आहे आणि यंदा पालखी पहिल्यांदाच तिकडून फिरून येणार होती. मी तिकडे लक्ष दिलं नाही. बाबूरावांनी दिलं होतं, हे नंतर लक्षात आलं.

तिन्हीसांजेला देवळासमोर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ऑर्केस्ट्रा चढला. उन्हं नुकतीच गेली होती, डोंगर जांभळे झाले होते, गुलालाची पूड हवेत तरंगत होती. बाबूरावांनी हॅट घातली, डोळे मिटले, तोंडाने कसलासा लांब हुंकार दिला आणि त्यावर तारा लावल्या. जुना भोंगा कारखान्याने कधीच बदललाय. तो आता फक्त त्यांच्या कानात वाजतो.

मी वहिनीला व्हिडिओ फोन लावला. पडद्यावर दादा दिसला, उशीला टेकलेला, अर्धवट डोळ्यांचा. मला बोलता येत नव्हतं. मी फोन ट्रॉलीकडे धरला.

आणि ती सुरू झाली. आमच्या माडीवरची, आमच्या भांडणातली धून, उघड्या आभाळाखाली. फोनच्या डब्यातून ऐकताना ती कृश वाटायची. इथे तिला अंग होतं. उतारावरची बैलगाडी, काजूची झाडं, कुणाच्या रानातल्या चार शेंगा. गावकरी वेशीकडे तोंड करून उभे होते, धुनेकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि तरी सगळे तिच्या तालावर किंचित डुलत होते. माझ्या हातात दादा होता. त्याचे ओठ हलत होते. प्रत्येक वळण त्याला पाठ होतं.

तो सूर आला. जिथे ती लोंबकळते तो. दादाचे ओठ थांबले.

वेशीत कुणी नव्हतं. पालखी अजून नव्या आळीतच होती.

बाबूरावांनी डोळे उघडले. वेशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि कडी पुढे सरकवली.

तीसहून जास्त वर्षं आम्ही ज्या दारापाशी भांडत उभे होतो, ते उघडलं. आत काय होतं ते मला लिहिता येत नाही. ओळखीचं होतं आणि नव्हतंही. कधी वाटे आता खाली वळतेय, कधी वाटे छे, वर चाललीय. बाबूराव स्वतःच चाचपडत होते, घाबरलेही होते, आणि पोरासारखे हसत होते. दादाचे डोळे सताड उघडे होते. मला एकाएकी कळलं की मला शेवट नकोय. ज्यासाठी एवढ्या लांब आले तो दोन पावलांवर होता आणि मी मनात रवळनाथाला म्हणत होते, ये, बाबा, लवकर ये.

ढोल वाजला. गुलालाचा लोट उठला. ‘रवळनाथाच्या नावानं चांगभलं!’

बाबूरावांनी हात उचलला. सूर तसाच हवेत राहिला, बहुधा अखेरच्या सुराच्या एक घर अलीकडे. ते हॅट काढून उभे राहिले. मी फोन पालखीकडे वळवला, कारण आता दादानेही बघायला हवं होतं.

पालखी देवळात गेली. मी फोन तोंडासमोर आणला. दादा रडत होता. वहिनी त्याच्या मागे उभी राहून रडत होती. मग त्याने तोंड उघडलं, शब्द गोळा केले, आणि कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा ठसक्यात म्हणाला, ‘बघ. खाली... येत होती.’

वर! मला ओरडायचं होतं. वर जात होती, बहिऱ्या! पण घशातून नुसती हवा. मी एका हाताने आभाळाकडे बोट दाखवत राहिले आणि तो मान हलवत राहिला, नाही, नाही.

बाबूरावांनी फोन माझ्या हातातून घेतला. ‘साह्यब! वळखलं का?’

‘जत्रा...’ दादा म्हणाला, ‘पुन्हा कधी?’

‘पुढल्या चैत्रात की! या. पर पळायचं न्हाय. घरटी जेवाय लागंल, आधीच सांगतो.’

दादाला वेळ लागला. आम्ही सगळे त्या छोट्या पडद्याभोवती वाट बघत उभे राहिलो.

‘जेवीन,’ तो म्हणाला.

घरी

येऊन पंधरवडा झाला. व्यायाम शिकवणारी मुलगी येते तेव्हा दादा आता पाठ करत नाही, उलट ती उशिरा आली तर कुरकुरतो. तो भाकरीची सवय करतोय. मसाल्याची पुडी वहिनीने खाली काढली आहे.

काल संध्याकाळी मी माडीवर पेटीशी बसले होते. आजारपणानंतर दादा माडीवर आलेला नाही. जिन्यात काठीचा आवाज झाला म्हणून डोकावले, तर तो पहिल्या पायरीवर कठडा धरून उभा होता आणि ती धून गुणगुणत होता. तुटायची जागा आली, गेली, तो पुढे गेला आणि सरळ खाली वळला.

‘वर जाते ती!’ मी ओरडले. घसा आता उत्तम आहे.

‘पुढच्या वर्षी कळेल,’ तो म्हणाला, आणि दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला.